पाऊस आणि पिकाचा उतारा यांची सांगड कशी घालावी

हंगाम संपला की लोक म्हणतात, "यंदा पावसाने सरासरी गाठली." एवढ्यावरून मी पिकाबद्दल काहीही ठरवत नाही. समजा, दोन्ही वर्षी ६०० मिमी पडला. एका वर्षी तो ४० दिवसांत विभागून आला, दुसऱ्या वर्षी निम्मा चारच दिवसांत कोसळला. १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. एका दिवसात ८० मिमी आला तर जमिनीत मुरेल तेवढं मुरतं, उरलेलं माती घेऊन वाहून जातं.

म्हणून वहीत रोजचा आकडा हवा. पर्जन्यमापक झाडं-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवा आणि रोज ठरल्या वेळी वाचा. शून्यही लिहा, नाहीतर त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजायचा राहिला, हे पुढे कळत नाही.

शेजारच्या रकान्यात पिकाची अवस्था लिहा. सगळ्या वहीत हा रकाना मला मोलाचा वाटतो. २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचा दिवस मी कोरडा धरतो आणि सलग कोरड्या दिवसांना तांबडी रेघ मारतो. मक्याला तुरा आणि कणसाला केसर येताना ही रेघ लांबली, तर परागीभवन बिघडतं आणि कणसात दाणे कमी भरतात. नंतर कितीही पाऊस पडो, ते नुकसान भरून निघत नाही. रोप लहान असताना तेवढीच उघडीप पडली, तर पीक बऱ्याचदा सावरतं.

आता उताऱ्याचे, म्हणजे हेक्टरी किती पीक निघालं त्याचे आकडे. बियाणं आणि खतं सुधारली की उतारा तसाही वाढतो, त्याचं श्रेय पावसाला देऊ नका. सगळ्या वर्षांचा उतारा आलेखावर मांडा, मधून कल दाखवणारी रेषा काढा आणि प्रत्येक वर्ष तिच्या किती वर किंवा खाली आहे तेवढंच पावसाशी ताडून पाहा. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या नोंदी अभ्यासताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी सावकाश होणारे बदल असेच वेगळे काढले आणि १९२४ मध्ये वर्षभरातल्या पावसाच्या विभागणीचा उताऱ्याशी संबंध तपासला.

पाऊस किती लहरी आहे हे एका आकड्यात हवं असेल, तर प्रमाण विचलनाला (दरवर्षीचा पाऊस सरासरीपासून साधारण किती दूर जातो, ते सांगणारा आकडा) सरासरीने भागून १०० ने गुणा. सरासरी ६०० आणि विचलन १५० असेल तर २५ टक्के. पाच-सहा वर्षांच्या नोंदींवरून मात्र हा आकडा काढू नका. हवामानाची सरासरी ३० वर्षांवर काढतात. तुमची वही तेवढी जुनी होईपर्यंत जवळच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी मिळवा आणि त्या वेगळ्या पानावर ठेवा.