मुंबईतला शंभर पावलांचा रस्ता कसा पाहावा

मोठे शहर पाहायचे म्हटले की बहुतेक जण चालायला लागतात, आणि तिथेच पहिली गफलत होते. चालणाऱ्याला इमारती, पाट्या आणि गर्दी दिसते. पण त्याच पदपथावर सकाळी ६ वाजता कोण बसते, ११ वाजता तिथे काय उतरवले जाते आणि रात्री १० वाजता ते कोण झाकून ठेवते, हे त्याला कळण्याचा संभवच नसतो, कारण तोवर तो पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. रस्त्यावरचे रोजचे जीवन समजून घ्यायचे असेल, तर जागा लहान निवडावी आणि वेळा अनेक निवडाव्यात. ही पद्धत कोणत्याही शहरात चालते. इथे ती दक्षिण मुंबईच्या आधाराने मांडली आहे, कारण गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर आणि फोर्ट या भागांत दीडशे-दोनशे वर्षांचे थर एकाच पदपथावर सापडतात.

जागा निवडताना प्रसिद्ध वास्तू टाळावी. गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहिलात तर पर्यटक आणि त्यांचे फोटो काढणारे एवढेच दिसेल. त्यापेक्षा ठाकूरद्वार ते चिराबाजार या पट्ट्यातला एखादा कोपरा, भुलेश्वरातली एखादी गल्ली किंवा बोराबाजारातला एखादा नाका घ्यावा, जिथे माणसे राहतात, माल येतो-जातो आणि कोणीतरी दिवसभर बसलेलेही असते. लांबी शंभर पावलांहून अधिक नको. दोन्ही बाजू एका नजरेत याव्यात आणि एखाद्या दुकानाचे शटर वर गेले तर ते कानावर पडावे, इतकाच तो पट्टा असावा.

उभे कुठे राहायचे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. दुकानाच्या तोंडाशी उभे राहणे म्हणजे त्याचे गिऱ्हाईक अडवणे. दोन इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी उभे राहणे म्हणजे हमालांची वाट अडवणे. चहाच्या टपरीजवळ एक कटिंग घेऊन अर्धा तास सहज काढता येतो. बसथांबा त्याहून सोयीचा, कारण तिथे तुम्ही का उभे आहात असे कोणी विचारत नाही. ही सोय बायकांना विशेष उपयोगी पडते. पुरुष पानाच्या गादीजवळ कारणाशिवाय तासभर उभा राहिला तर तो रस्त्याचाच भाग ठरतो. तीच गोष्ट एखाद्या बाईने केली तर दहा मिनिटांत चार माणसे तिच्याकडे वळून पाहतात. कोणाला कारणाशिवाय उभे राहता येते आणि कोणाला हातात पिशवी धरावी लागते, ही नोंद वहीच्या पहिल्याच पानावर यायला हवी.

वही लहान असावी आणि पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे वेळ, उजवीकडे जे घडले ते. मते त्यात लिहू नयेत; ‘गर्दी फार होती’ या वाक्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही, पण ‘हातगाडीला वाट देण्यासाठी टॅक्सी मागे घेतली’ या वाक्याचा होतो. मोबाइलवर लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे की मोबाइल समोर धरलेला माणूस फोटो काढतो आहे असेच इतरांना वाटते.

आता वेळांविषयी, कारण या कामाचा कणा तोच आहे. एकाच जागी एका दिवसात सहा तास काढण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी अर्धा-अर्धा तास काढणे अधिक फळते. पहाटे पदपथावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतात आणि मुख्य अंकात पुरवण्या घालण्याचे काम मांडी घालून चाललेले असते. दुकाने उघडेपर्यंत त्या जागेचा मागमूसही राहत नाही. त्यानंतर मजूर नाके भरतात. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा धंदा त्याच्या पायाशी ठेवलेल्या वस्तूवरून कळतो. रंगाऱ्याकडे ब्रश आणि रोलर, गवंड्याकडे थापी आणि ओळंबा, सुताराच्या पिशवीतून डोकावणारी करवत, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो बिगारी. गिऱ्हाईक येते तेव्हा बोलणे किती वेळ चालते, किती जण भोवती जमतात आणि कोण जागचे हलत नाही, हे पाहावे. उन्हे चढल्यानंतरही जे उरतात त्यांचा त्या दिवसाचा रोज बहुधा बुडालेला असतो, आणि तरीही काही जण उभेच राहतात.

सकाळी ११च्या पुढे चर्चगेट स्थानकाबाहेरचा पदपथ पाहावा. लोकलमधून उतरवलेले जेवणाचे डबे तिथे पुन्हा वेगळे लावले जातात. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणांत कुठल्या स्थानकावर उतरायचे, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळे आलेले असते, आणि हे वाटप करणाऱ्याचा हात क्षणभरही थबकत नाही. ही पद्धत १८९०च्या सुमारापासून चालत आली आहे. करोनानंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली, त्यामुळे ज्यांना हे पाहायचे आहे त्यांनी ते पुढे ढकलू नये. दुपारी त्याच जागी रिकामे डबे परत येतात. सकाळच्या आणि दुपारच्या या दोन फेऱ्यांमधल्या वेळात तो पदपथ कोण वापरतो, हे बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते.

दुपारी २ ते ४ ही वेळ नवशिके टाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत बोलकी. भुलेश्वर-काळबादेवीकडे हमाल उभ्या केलेल्या हातगाडीवर, गाडीच्या सावलीत किंवा मालाच्या गठ्ठ्यांवर आडवे होतात. कोण कुठे झोपतो हे ठरलेले असते. दुसऱ्याच्या गाडीवर सहसा कोणी अंग टाकत नाही. काही दुकानांचे शटर अर्धे खाली येते आणि इस्त्रीवाल्याचा कोळसा तेवढा धगधगत राहतो. जुन्या चाळींच्या जिन्याखाली पाहण्याची वेळही हीच. जेमतेम एक माणूस मावेल अशा त्या त्रिकोणी जागेत घड्याळदुरुस्ती, चाव्या, शिलाई, चप्पलदुरुस्ती असे धंदे चालतात; वर विजेचे मीटर आणि भाडेकरूंच्या नावांच्या पाट्या, खाली स्टुलावर बसलेला कारागीर. गिऱ्हाईक नसताना तो बोलायला मोकळा असतो. ‘इथे किती वर्षे?’ या प्रश्नाने सुरुवात करावी, भाडे किती हे पहिल्या भेटीत विचारू नये.

माणसांनंतर नजर जमिनीकडे न्यावी. मुंबईतले रस्ते वर्षानुवर्षे थरावर थर चढून उंच झाले आहेत, आणि याचा सर्वांत सोपा पुरावा जुन्या इमारतींच्या पायऱ्यांत मिळतो. जोत्याच्या किती पायऱ्या रस्त्याच्या वर आहेत ते मोजावे. काही ठिकाणी एकच उरलेली दिसते, काही ठिकाणी उंबरठाच रस्त्याच्या खाली गेलेला असतो, आणि पावसाळ्यात पाणी कुठल्या घरात पहिल्यांदा शिरणार हे तेवढ्यावरून सांगता येते. ब्रिटिश काळातले मैलाचे दगड याच कारणाने दिसेनासे झाले. जुन्या शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बसवलेल्या या दगडांचे अंतर १७१८ मध्ये सुरू झालेल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते आणि त्यांवर रोमन आकडे कोरलेले होते. पुढे पदपथाने त्यांना गळ्यापर्यंत गिळले. अलीकडे त्यांतले काही वर काढून नीट बसवले आहेत. पण असा दगड नुसता पाहून पुढे जाऊ नये, त्यावर कोण बसते आणि त्याला काय टेकवून ठेवलेले असते तेही लिहावे.

प्याऊ हा त्याहून समृद्ध विषय आहे. व्यापाऱ्यांनी आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या दगडी पाणपोया मशीद बंदर, फोर्ट आणि जुन्या बाजारपेठांत अजून उभ्या आहेत. भातबाजारातली केशवजी नाईकांची, वर घड्याळ असलेली पाणपोई १८७६ची आहे. प्याऊसमोर उभे राहिल्यावर आधी उंची पाहावी. माणसाच्या हाताच्या उंचीवर नळ, त्याखाली गुरांसाठी हौद, आणि कुठे कुठे वर पक्ष्यांसाठी वाडगे, अशी ही रचना असते. खालचा हौद पाहिला की या रस्त्यावरून एके काळी बैलगाड्या आणि घोडागाड्या जात होत्या हे वेगळे वाचावे लागत नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत सुरू झालेली ट्रामही आधी घोडेच ओढत असत. मग दात्याचा शिलालेख शोधावा आणि तो कोणकोणत्या लिपींत आहे ते टिपावे. शेवटी आजचा वापर पाहावा. काही प्याऊंची दुरुस्ती होऊन पाणी पुन्हा सुरू झाले आहे, काही कोरड्या आहेत आणि त्यांच्या आडोशाला कोणाचे तरी सामान, झाडू किंवा प्लास्टिकचे पिंप असते. हे पाहून हळहळण्याची घाई करू नये. कोरड्या प्याऊच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी जर चार म्हातारे बसत असतील, तर ती जागा वापरात आहे, फक्त तिचे काम बदलले आहे.

दगडांचे रंग ओळखायला शिकणे फारसे अवघड नाही. काळा तो बेसॉल्ट, पिवळसर तो बहुधा मालाड किंवा कुर्ल्याच्या खाणीतला. काळाघोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीच्या भिंती पाहिल्या की मालाड दगड डोळ्यांत बसतो.

गिरगावातल्या वाड्यांच्या तोंडाशी एखादा वार्ताफलक असतोच. मंडळाचा असो की पक्षाच्या शाखेचा, त्यावर रंगीत खडूने लिहिलेल्या ओळींत अभिनंदन, निधन, पाणी न येण्याची सूचना, रक्तदान शिबिर आणि एखादा टोला हे सगळे नांदते. आठवडाभर रोज तो फलक वहीत उतरवून घेतला तर त्या वाडीत सध्या काय चालले आहे याची जी कल्पना येते ती वर्तमानपत्रातून येत नाही. अक्षर बदलले की लिहिणारा बदलला, हेही ध्यानात ठेवावे. त्याच परिसरात पावसाळ्यापूर्वी इमारतींवर म्हाडाच्या नोटिसा लागतात आणि लोखंडी टेकू वाढतात. इमारत रिकामी होण्याच्या आधी खालची दुकाने कोणत्या क्रमाने जातात हे पाहणारे फार थोडे आहेत. भाद्रपदात रस्त्याची रुंदीच बदलते. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे, आणि उत्सव संपल्यानंतर मंडपाच्या खांबांसाठी खणलेल्या जागी डांबराचे जे ठिगळ उरते, त्यावरून मंडप कुठवर होता हे मार्गशीर्षातही सांगता येते.

फेरीवाल्यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. २०१४च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले असले तरी परवान्याचा प्रश्न अनेकांसाठी सुटलेला नाही, आणि वहीत काही लिहिणारा माणूस पालिकेचाच असणार असे ते धरून चालतात. आधी काहीतरी विकत घ्यावे, आपण काय करतो आहोत ते सरळ सांगावे आणि नको म्हटले तर वही मिटावी. पालिकेची गाडी येते तेव्हाचा प्रकार पाहण्याजोगा असतो. गल्लीच्या टोकाकडून एक हाक येते, चादरीची चार टोके एका झटक्यात एकत्र येतात आणि मिनिटभरात पदपथ मोकळा होतो. माल कुठल्या जिन्यात, कुठल्या दुकानात जातो हे तुम्हाला दिसेल; ते लिहू नये, फोटो तर मुळीच काढू नये, आणि समाजमाध्यमांवर टाकणे हा सरळसरळ विश्वासघात आहे. तुमच्या कुतूहलापायी दुसऱ्याचे पोट मारले जाता कामा नये.

फोटो एकूणच शेवटी काढावेत, तेही वस्तूंचे आधी आणि माणसांचे विचारून. नौदलाच्या आणि गोदीच्या परिसरात कॅमेरा बाहेर काढू नये.

रात्रीची फेरी ९ ते ११च्या दरम्यान करावी, शक्यतो सोबत कोणी घेऊन. हातगाड्या एकमेकींना साखळीने बांधल्या जातात, ठेले ताडपत्रीत गुंडाळले जातात आणि ती दोरी बांधण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. पहाटे ज्या जागी वर्तमानपत्रे लागतात तिथे रात्री कोणाची पथारी असते, आणि एकाने उठण्याची व दुसऱ्याने बसण्याची वेळ कशी जुळते, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसूनही बहुतेक दिवस बिनबोभाट पार पडते.

रविवार वेगळा ठेवावा. फोर्टच्या कचेऱ्या बंद असताना गाड्यांनी झाकलेले जोते, जुने नळ आणि बिडाच्या झाकणांवरची अक्षरे मोकळी होतात, गल्लीत क्रिकेट सुरू होते आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातला जुन्या किल्ल्याच्या तटबंदीचा उरलेला तुकडा निवांतपणे पाहता येतो. महिनाभराच्या नोंदी झाल्या की पट्ट्याचा हाताने नकाशा काढावा आणि तोच नकाशा तीनदा काढावा, सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा. तिन्ही नकाशांत जी जागा कोरी राहील, तिथे पुढच्या खेपेला आधी जाऊन उभे राहावे.