नाशिकचे आडवे रस्ते: छोट्या स्कूटरवरून गावं कशी फिरायची

नाशिकमधून बाहेर पडणारे मोठे रस्ते सगळे उभे आहेत. त्र्यंबक रोड, गिरणारे रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, संभाजीनगर रोड, पुणे रोड. शहरातून निघून सरळ लांब जाणारे. त्यांच्यावर डंपर आहेत, एसटी आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग आहे. दहा इंची चाकाच्या स्कूटरला तिथे डावीकडच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून जीव मुठीत धरून जावं लागतं. पण या उभ्या रस्त्यांना एकमेकांशी जोडणारे आडवे रस्ते आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारे, कसाबसा एक ट्रॅक्टर मावेल एवढे अरुंद. नाशिकचं शिवार बघायचं असेल तर ते या आडव्या रस्त्यांवर आहे, आणि त्यासाठी छोटी स्कूटर हीच योग्य गाडी आहे.

मी शिक्षिका आहे. नोकरीची बरीच वर्षं गिरणाऱ्याच्या पलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेली. पंचवटीतून रोजचं जाणं-येणं ॲक्टिव्हावर. तिन्ही ऋतूंत तोच पट्टा बघितला म्हणून खात्रीने सांगते, कुठे जायचं यापेक्षा केव्हा जायचं हे आधी ठरवा.

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत फार विषम आहे. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सिन्नरकडे पाच-सहाशे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर पहिन्याकडे आणि भावलीकडे धावत असतं, तेव्हा स्कूटरवाल्याने उलटं पूर्वेला जावं. पश्चिमेला त्या दिवसांत धुकं असतं, रस्त्यावर शेवाळ असतं, ओढे अचानक फुगतात, आणि धबधब्यापाशी गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या असतात. पश्चिमेचा खरा काळ गणपती उठल्यानंतरचा. भात पोटरीत आलेलं असतं, नागली-वरईचे तुकडे डोंगरउतारावर वेगळ्या हिरव्या रंगात ओळखू येतात, पाणी निवळलेलं असतं आणि डांबर कोरडं असतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत द्राक्षाचा पट्टा, म्हणजे मखमलाबाद, दिंडोरी, मोहाडी, निफाड. मे महिन्यात पहाटे निघून साडेनऊच्या आत घरी.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नेहमी एकच रस्ता सांगते. मखमलाबाद गावातून मातोरी, मुंगसरे करत गिरणारे, आणि परत येताना दुगाव, गंगापूर करत शहरात. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. गाव सोडून पाट ओलांडला, की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली असते तेव्हा मांडवावर नुसत्या काड्या दिसतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याच बागेत पोपटी पालवी. जानेवारीत घडांना कागद गुंडाळलेले दिसतील. एकाच रस्त्याने दर महिन्याला जा, दर वेळी बाग वेगळ्या कामात असते. स्कूटरचा वेग पस्तीस-चाळीसचा, म्हणून हे दिसतं. मुंगसऱ्याच्या पुढे जमीन चढायला लागते आणि पश्चिमेला डोंगरांची ओळ समोर येते. हवा स्वच्छ असेल तर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी वेगवेगळे ओळखता येतात.

गिरणाऱ्याला थांबा, चहा घ्या. टोमॅटोच्या हंगामात, साधारण ऑगस्टपासून पुढे, इथे क्रेट भरलेल्या पिकअपची रीघ लागते. लिलाव गाठायच्या घाईत ते वळणावर आपली बाजू सोडून येतात. त्या दिवसांत गिरणाऱ्यातून सकाळीच बाहेर पडलेलं बरं. परतीच्या वाटेवर गंगापूर धरणाचं पाणी दिसेल. मातीचं धरण आहे. काठ मोहात पाडतात, पण ओल्या गाळात स्कूटर घालू नका. वरून कोरडी दिसणारी पापडी खाली लोणी असते.

हा रस्ता अंगवळणी पडला की मग धोंडेगाव, देवरगाव करत वाघेऱ्याच्या घाटापर्यंत. पुढे तो रस्ता हरसूलला जातो. वाघेरा किल्ला समोर उभा असतो आणि त्या बाजूच्या आकाशात नशीब असेल तर गिधाडं दिसतात. इथे फोनला रेंज नसते, पेट्रोलचा भरवसा नसतो. टाकी शहरातच भरून घ्या. ॲक्टिव्हाची टाकी पाच लिटरच्या थोडी वर, म्हणजे भरली की दिवसभराची चिंता मिटली.

दुसरा आडवा रस्ता त्र्यंबक रोड सोडून बेझे-चाकोऱ्याकडे जाणारा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नदी म्हणून खऱ्या अर्थाने वाहती होते ती बेझ्याजवळच्या चक्रतीर्थापासून, असं इकडे मानतात. रामकुंडावरची गोदावरी रोज बघणाऱ्या माणसाने ही पाहिलीच पाहिजे. इतकी लहान आणि इतकी स्वच्छ ती पुढे कुठेच नाही.

आता गाडीबद्दल. सगळ्यात आधी हवा. गाडीवर चिकटवलेल्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या चाकाचा आकडा दिलेला असतो, तेवढीच भरा. पंपावरचा मुलगा सवयीने जास्त भरतो. लहान चाकात जास्त हवा असली की खडीवर गाडी उड्या मारते, आणि कमी असली की खड्ड्याच्या कडेला रिम वाकते. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचं किट आणि पायपंप डिकीत ठेवा, आणि घरी अंगणात एकदा पट्टी घालून बघा. टोच्या आत ढकलायला बराच जोर लागतो, ते रस्त्यावर पहिल्यांदा करू नये. ट्यूबचा टायर असेल तर मात्र मोठ्या गावांच्या जवळूनच फिरा. सामान डिकीत, जड वस्तू तळाला. पायापाशी हुकाला पिशवी अडकवली की वळताना ती हँडलच्या आड येते. हेल्मेट अर्थातच, आणि काच असलेलं. त्याचं आणखी एक कारण आहे. बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असेल तर औषधाचा फवारा वाऱ्याने रस्त्यावर येतो. लांबून पांढरं धुकं दिसलं की थांबा, ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला की काच खाली करून निघा.

चालवण्यातली मोठी गोष्ट ब्रेकची. खड्डा चुकवता आला नाही तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारून चाक खड्ड्यात जायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असेल तर पुढचा शॉकअप आधीच बसलेला असतो, मग सगळा दणका मनगटात आणि रिममध्ये जातो. वळणावर मुरूम किंवा बारीक खडी पसरलेली असेल तर वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळताना ब्रेकला हात नाही. आणि घाट उतरताना इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे पाहिलेत मी, ते कधीही करू नका. आपल्या स्कूटरला गिअर नाहीत. रेस पूर्ण सोडली आणि वेग फार उतरला की क्लच सुटतो, गाडी नुसती घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. किंचित रेस दिली की क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडीला थोडं मागे खेचतं. ब्रेक सलग दाबून न ठेवता दाबा, सोडा, दाबा. ड्रम तापले की पकड कमी होते, लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जायला लागते. तसं जाणवलं तर सावलीला दहा मिनिटं थांबा.

पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी जात असेल आणि पाण्याखालची फरशी दिसत नसेल, तर परत फिरा. यात चर्चा नको. स्कूटरचा सायलेन्सर आणि बेल्टचा डबा दोन्ही खाली असतात. डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो. रेस वाढते, गाडी जागची हलत नाही, आणि तुम्ही ओढ्याच्या मध्ये असता.

कोरड्या दिवसांतही रस्ता कोरडा असेलच असं नाही. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकातला काळा चिखल डांबरावर सांडत जातो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निफाडकडे अर्ध्या रस्त्यावर मका आणि सोयाबीन वाळत घातलेलं असतं. दाण्यावर चाक गेलं तर गाडी पायाखालून निघून जाते, आणि ते दाणे कुणाचं तरी वर्षाचं पीक असतं. थांबा, समोरून वाहन नाही ना बघा, आणि मोकळ्या बाजूने सावकाश काढा.

वाट विचारायची एक पद्धत आहे. नकाशा बघा जरूर, शहरातच उतरवून घ्या, पण तो पाणंदीला आणि पक्क्या रस्त्याला एकाच रंगात दाखवतो. माणसाला विचारा, आणि लांबचं गाव विचारू नका, पुढचंच विचारा. “मामा, हा रस्ता देवरगावला निघतो का?” असं विचारलं तर उत्तर “निघतो ना” असंच येईल, कारण पायी किंवा बैलगाडीने तो निघतोच. खरा प्रश्न पुढचा आहे: “स्कूटर जाईल का? मध्ये ओढा लागतो का?” मग मामा तुमच्या चाकाकडे बघतात, जरा विचार करतात आणि खरं सांगतात. “जाईल, पण मळ्याच्या पुढं खडी टाकलीय, बाई, दमानं घ्या.” सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे कॅन बांधून चाललेला दूधवाला. रोज भरलेले कॅन घेऊन जिथून त्याची दुचाकी जाते तिथून तुमची नक्की जाते. दोन वाटा फुटल्या आणि विचारायला कुणी नसेल तर ज्या वाटेवर दुचाकीच्या चाकाची गुळगुळीत रेघ पडली आहे ती धरा.

पूर्वेचा रस्ता अगदी वेगळा आहे. सपाट, काळी जमीन, ऊस, कांदा, द्राक्ष. नांदूर नाक्यावरून ओढा गावापर्यंतचा मोठा रस्ता सोसावा लागतो, मग चांदोरीला वळून सायखेड्याकडे. चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी हेमाडपंती मंदिरं आहेत, धरणातलं पाणी खाली गेलं की ती उघडी पडतात. तिथून पुढे नांदूरमध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे स्थलांतरित पक्षी असतात आणि ते पाहायचे तर सकाळी आठच्या आत पोचायला हवं, म्हणजे अंधारातच निघणं आलं. निफाडची थंडी हलकी समजू नका. डिसेंबरअखेर तिथला पारा पाच अंशांच्या आसपास येतो आणि चालत्या स्कूटरवर बोटं इतकी बधिर होतात की ब्रेकची लिव्हर जाणवत नाही. जाड हातमोजे, जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, आणि पहिल्या उघड्या टपरीवर हात शेकून पुढे. पाणथळ जागेजवळ हॉर्न वाजवू नका, गाडी लांब लावून चालत जा.

या बाजूला संध्याकाळ करू नका. गोदावरी-दारणाकाठच्या उसात बिबटे आहेत, आणि ऊस तोडणीच्या काळात ते बाहेर पडतात. गावातले लोकच दिवे लागणीनंतर मळ्याच्या वाटेला एकटे जात नाहीत. सूर्य मावळायच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं, हा माझा नियम मी कुणासाठी मोडत नाही.

बागेत शिरून फोटो काढायचा असेल तर आधी हाक मारा. “दादा, जरा बघू का?” म्हटलं तर नाही म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. घडाला हात लावू नका. निर्यातीच्या मण्यावरची लव बोटाने पुसली गेली की तो घड त्यांच्या कामाचा राहत नाही. विकत मागा, आनंदाने देतात. बांधावर बसून डबा खाल्लात तर कागद-पिशव्या परत डिकीत.

स्टँडचंही सांगते. साइड स्टँड काळ्या मातीत रुततो आणि गाडी आडवी होते. चपटा दगड शोधून त्यावर टेकवा, नाहीतर डांबराच्या कडेला मेन स्टँडवर लावा. एक चपटी लाकडी चिप मी डिकीतच ठेवते.

घरी आल्यावर गाडी तशीच लावू नका. मडगार्डच्या आत अडकलेली काळी माती वाळली की दगड होते आणि चाकाला घासते. ओली असतानाच साध्या पाण्याने सोडवा, प्रेशरचा पाइप बेल्टच्या डब्याच्या बाजूला लावू नका. मग गल्लीतच एक चक्कर मारून दोन्ही ब्रेक हलके दाबत वाळवा. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट न बघता आधीच तपासून घ्या, आणि टायरच्या खाचांत बाभळीचा काटा राहिलाय का हे बोटाने चाचपून बघा. काटा असला तर तो लगेच उपसू नका, आधी किट जवळ घ्या.