सगळे दात गेलेत आणि इम्प्लांट करायचंय? स्क्रू किती ते नंतर, आधी हे ठरवा

आईची खालची कवळी सात वर्षं हलत होती. वरची कशीबशी टाळूला धरून बसायची पण खालची बोलता बोलता जिभेनं उचलली जायची, भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता यायची नाही आणि पेरूची एक बी जरी खाली अडकली की ताट सोडून बेसिनकडे पळायचं. शेवटी इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं, बघायला लागलो तर तीन ठिकाणी तीन सल्ले, एक म्हणाले दोन स्क्रू बास, दुसरे म्हणाले ऑल-ऑन-४, म्हणजे चार स्क्रूंवर जबड्याचे सगळे दात, तिसऱ्यांनी सहा सांगितले. ह्या आकड्यांतच आमचा महिना गेला, म्हणून सांगतोय, आकड्यापासून सुरुवात करू नका. पहिला प्रश्न हा की दात रोज काढून धुवायचे आहेत का कायमचे तोंडात राहणार, आणि ते साफ कोण करणार, कसे करणार.

काढता येणारे म्हणजे ओव्हरडेन्चर. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट, त्यावर बटणासारखे लोकेटर, आणि कवळीच्या आत नायलॉनच्या छोट्या टोप्या. कवळी दाबली की टक् आवाज येऊन बसते. खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर निदान एवढं तरी मिळायला हवं, असं २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीच मांडलं होतं. वरचं हाड मऊ असतं म्हणून तिथं दोनावर भागत नाही, साधारण चार लागतात, पण मग टाळूवरचा प्लास्टिकचा भाग बराच कमी करता येतो आणि जेवताना गरम-गार, चव पुन्हा नीट कळते. टोप्या झिजतात, पकड सैल वाटली की बदलून घ्यायच्या, खुर्चीत बसल्या बसल्या होणारं काम आहे. आईची बोटं संधिवातानं वाकलीत, पहिल्या दिवशी तिला ती कवळी निघेचना, अंगठा घसरायचा, डोळ्यात पाणी आलं तिच्या. मग डॉक्टरांनी कमी पकडीच्या टोप्या घातल्या आणि काम झालं. त्यामुळं घरच्या माणसाला दवाखान्यातच चार-पाच वेळा काढघाल करून बघू द्या, मगच घरी या.

फिक्स म्हणजे स्क्रूनं आवळलेले, घरी न निघणारे. ऑल-ऑन-४ ही पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी १९९८ मध्ये सुरू केली. पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन ४५ अंशांपर्यंत तिरके, कारण वर मागे सायनसची पोकळी असते, खाली नस असते, तिरकं गेलं की त्यांना चुकवून चांगलं हाड मिळतं आणि बऱ्याचदा हाड भरायची वेळ येत नाही. चार नीट बसले तर पुरतात. पण हाड भरपूर असेल, दात खायची सवय असेल किंवा वरचा जबडा असेल तर मी सहाकडे झुकेन, कारण चारातला एक गेला तर उरलेल्या तिनावर सगळा डोलारा येतो.

आणि "त्याच दिवशी दात" हे खरं असतं, पण ते दात तात्पुरते. इम्प्लांट साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोरानं घट्ट बसला तरच लगेच दात लावतात, आणि हाड टायटॅनियमला धरायला खाली तीन-चार महिने, वर चार ते सहा महिने लागतात. तोवर मऊ भात, खिचडी, उपमा. शेंगदाणे, चिक्की अजिबात नाही.

फिक्समध्ये लोक फसतात ते सफाईत. आमच्या काकांनी फिक्स करून घेतले, दिसायला सुंदर, पण दाताखालून ब्रश कसा फिरवायचा हे त्यांना कुणी दाखवलंच नाही, वर्षभरात हिरडी सुजली आणि दाबलं की पू. आता ते रोज रात्री वॉटर फ्लॉसर (पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र) आणि फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरतात, पंधरा मिनिटं जातात. ज्याचा हात थरथरतो किंवा नजर गेलीये त्याच्यासाठी हे रोज कोण करणार ते आधी बोला, त्या माणसाला काढता येणारेच सुखाचे.

मटेरियलचं थोडक्यात. टायटॅनियमच्या पट्टीवर ॲक्रिलिकचे दात, हे झिजतात, टवका उडतो, पण दुरुस्ती सोपी, मात्र ह्याला उंचीत साधारण १५ मिलिमीटर जागा लागते. झिरकोनिया, म्हणजे दाताच्या रंगाचं सिरॅमिक, कडक, डाग-वास धरत नाही, पण तडा गेला तर बहुतेक वेळा पूर्ण नवीनच करावं लागतं.

वरचं हाड अगदीच उरलं नसेल तर झायगोमॅटिक, म्हणजे ३० ते ५० मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट थेट गालाच्या हाडात. हे नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करा. तीन दिवसात फिक्स दात अशा जाहिराती दिसतात त्या बऱ्याचदा बेसल इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या खोलातल्या कडक हाडात धरणाऱ्या इम्प्लांटच्या, ते सहसा एकाच तुकड्याचे असतात, वरचा भाग वेगळा बदलता येत नाही, हे माहीत असू द्या.

ठरवण्याआधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) काढा, साध्या एक्सरेवर हाडाची जाडी कळत नाही. शुगर आटोक्यात आणा. मिश्री, तंबाखू, सिगरेट बंद, खरंच बंद, कारण त्यानं इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो. गुटख्यानं तोंड कमी उघडत असेल किंवा हाडं ठिसूळ होण्यावरचं इंजेक्शन-गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

कोटेशन लेखी घ्या, त्यात दात काढणं, तात्पुरते दात, पक्के दात, नंतरची सफाई वेगवेगळं लिहून घ्या. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, त्यावर कंपनी, साइज, बॅच नंबर असतो, ते फाइलला चिकटवून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात इम्प्लांटवरचा छोटा स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरला कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल ते त्यावरूनच कळतं. आईचं स्टिकर आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.