उंदीर चावला? आधी जखम धुवा, मग तारीख लिहा

उंदराच्या चाव्याची गोची अशी, की जखम चार दिवसांत भरून येते, आपण विसरतो आणि चाव्यातून शिरलेल्या जिवाणूंचा ताप (रॅट-बाइट फीव्हर) येतो तो त्यानंतर. मग डॉक्टरांनी विचारलं की आपणच म्हणतो, 'छे, विशेष काही झालं नव्हतं.'

१. वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान ५ मिनिटं धुवा. दाताचं भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, पण आत खोल गेलेलं असतं.

२. लगेच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करा: 'उंदीर चावला, उजवी तर्जनी'. पुढच्या ३ आठवड्यांची मुदतही टाकून ठेवा. नुसता ओरखडा असला तरी, आणि उंदीर पाळीव असला तरीही. ठणठणीत दिसणाऱ्या उंदराच्या तोंडातही हे जिवाणू असू शकतात.

३. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

४. मुदतीत थंडी वाजून ताप आला, सांधे धरले, तळहात-तळपायांवर पुरळ उठलं किंवा भरलेली जखम पुन्हा सुजली, तर दवाखान्यात पहिलं वाक्य तारखेचं: 'अमुक तारखेला उंदीर चावला होता.' स्ट्रेप्टोबॅसिलस या जिवाणूचा ताप बहुधा ३ ते १० दिवसांत येतो, स्पायरिलम या दुसऱ्या जिवाणूचा १ ते ३ आठवड्यांत. वेळेत कळलं तर पेनिसिलिनने दोन्ही बरे होतात.

एक सांभाळा: हा ताप मधेच उतरतो आणि परत चढतो. उतरला म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.