दोन प्रुफांमधला फरक: नववा ग्रह घरबसल्या शोधायचा असेल तर

एकतीस वर्षं मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचली. पहिलं प्रूफ आणि दुरुस्त होऊन आलेलं दुसरं प्रूफ खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचं आणि वरचा कागद भराभर उचलायचा-टेकवायचा. जिथे काही बदललंय तिथे ओळ उडी मारते. शब्द वाचावाही लागत नाही. निवृत्त झाल्यावर भाच्याने एकदा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. म्हणाला, ‘मावशी, नेपच्यूनच्या पलीकडे एखादा ग्रह लपलाय का, ते लोक घरी बसून शोधतात.’ त्याने करून दाखवलं आणि मी म्हटलं, अरे, हे तर माझंच काम!

तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की तासभर बसते. ओळखीतले विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी काय शोधायचं ते. जानेवारी 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राऊन यांनी मांडलं की नेपच्यूनच्या खूप पलीकडच्या काही बर्फाळ गोळ्यांच्या लांबट कक्षा एकाच बाजूला कललेल्या दिसतात, आणि त्यांना तसं कलतं ठेवणारा एखादा मोठा ग्रह तिकडे असावा. 2021 मध्ये त्यांनी हिशेब सुधारला: वस्तुमान पृथ्वीच्या सहापट, अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या काही शेपट. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, दुर्बिणी जिकडे वळवल्या तिकडचेच गोळे सापडले, म्हणून ते एका बाजूला दिसतात. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पण आक्षेप आहे म्हणून प्रूफ न वाचता पुढे पाठवायचं नसतं.

संगणक उघडण्याआधी एक करा. हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. भिंतीसमोर अंगठा सरकतो. अंगठा डोळ्यांजवळ आणला की जास्त सरकतो. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे आपले दोन डोळे तीस कोटी किलोमीटर अंतरावर झाले. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, त्याच्या पाचशेपट अंतरावरचा ग्रह एवढ्याने जवळजवळ 14 कलांनी सरकलेला दिसतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीइतका. तारे मात्र जागचे हलत नाहीत, निदान डोळ्यांना कळेल इतके नाही. सगळा शोध या एका गोष्टीवर उभा आहे.

प्लूटो असाच सापडला. अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ नावाचा चोवीस वर्षांचा तरुण 23 आणि 29 जानेवारी 1930 ला घेतलेल्या आकाशाच्या फोटोंच्या दोन काचा यंत्रात लावून आलटून पालटून पाहत होता. 18 फेब्रुवारीला मिथुन राशीतला एक बारीक ठिपका उडी मारताना दिसला. टॉमबॉ फोटो घ्यायचा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या आकाशाचे. तिथे दिसणारी हालचाल मुख्यतः पृथ्वीच्या धावण्याची असते, त्यामुळे जवळचा लघुग्रह मोठी उडी मारतो, दूरचा छोटी, आणि उडीवरूनच अंतराचा अंदाज येतो. माझ्या मते हे त्याच्या चिकाटीपेक्षाही कौतुकाचं आहे.

आता कामाला लागा. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स: प्लॅनेट नाइन’ हा प्रकल्प फेब्रुवारी 2017 पासून आहे. चित्रं नासाच्या वाइज उपग्रहाने अवरक्त प्रकाशात घेतलेली. तो 2009 च्या डिसेंबरात सुटला, मध्ये दोन-अडीच वर्षं झोपवून ठेवला होता, 2024 मध्ये कायमचा बंद केला. आकाशाच्या एकाच तुकड्याची वेगवेगळ्या वेळची चित्रं एकामागून एक फिरत राहतात. तुम्ही हलणाऱ्या ठिपक्यावर क्लिक करायचं, बस्स. आधी सरावाची चित्रं पाहून घ्या. भाच्याने ती गाळली होती.

त्याहूनही आधी स्क्रीन पुसा. हसू नका. फोडणीचा शिंतोडा हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. खोलीतला दिवा मालवा आणि चित्रं फिरण्याचा वेग कमी ठेवा. संपूर्ण चित्राकडे एकदम पाहिलं तर डोळा मधल्या झगझगीत ताऱ्यावर जाऊन बसतो. मी मनातल्या मनात चित्राचे चार चौकोन करते आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापासून उलटी वर येते. चुका नेहमी पानाच्या तळाशी राहतात, तिथवर वाचणारा थकलेला असतो.

खरी वस्तू दोन तऱ्हांनी दिसते. एक, ठिपका चित्रागणिक एकाच दिशेने सरकत जातो. दुसरी, जागेवरच अर्धा उजळ अर्धा काळा असा जोडठिपका. स्थिर तारे वजा केल्यावर मंद गतीची वस्तू असा वण मागे ठेवते. बाकी बहुतेक सगळी छपाईची घाण. ताऱ्याच्या किरणांसारखे फाटे, एकाच चित्रात उमटून गेलेले डाग, नुसतेच कमीजास्त तेजाळणारे तारे, यांना हात लावू नका.

मी पहिल्या महिन्यातच फसले. एका ठळक ताऱ्याजवळ अंधुक डाग होता: या चित्रात वर, पुढच्यात खाली, मग परत वर. सहा महिन्यांची उडी! रात्री साडेअकराला भाच्याला फोन लावला. सकाळी उत्तर कळलं. उपग्रह दर सहा महिन्यांनी तोच भाग पाहतो तेव्हा त्याची दिशा उलटलेली असते, म्हणून कॅमेऱ्याच्या आतल्या परावर्तनाचा डाग ताऱ्याच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. याला तिथे भूत म्हणतात. तेव्हापासून झुलणारा डाग दिसला की जवळ ठळक तारा आहे का, हे मी आधी बघते. शिवाय खऱ्या ग्रहाची उडी इतकी मोठी असेल की तो चौकटीबाहेरही जाईल.

काही खरं वाटलंच तर चित्राखाली दिलेले आकाशातल्या जागेचे निर्देशांक घेऊन सिंबाद या फ्रान्समधल्या ताऱ्यांच्या सूचीत पाहा. दहातल्या नऊ वेळा तिथे आधीच नाव लागलेला एखादा जलद सरकणारा तारा निघतो. माझ्या वहीत असे पुष्कळ आहेत. नसेल, तर वाइजची चित्रं दाखवणाऱ्या वाइजव्ह्यू या संकेतस्थळावर तीच जागा सगळ्या वर्षांच्या चित्रांत तपासा आणि मगच प्रकल्पाचा अर्ज भरा.

ग्रह सापडेल का? शनीएवढा ग्रह तर सूर्य-पृथ्वी अंतराच्या दहा हजार पटीपर्यंत नाही, हे 2014 मध्येच याच उपग्रहाच्या चित्रांवरून ठरलंय. लहान असेल तर तो बहुधा चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या 8.4 मीटरच्या दुर्बिणीला दिसेल, मला नाही. पण आमच्यासारख्यांनी शोधलेले सूर्याच्या शेजारचे 95 तपकिरी बटू 2020 मध्ये जाहीर झाले. तारा होता होता राहिलेले हे गोळे. मला तेही चालतील.

आणि भाकितांवर फार भाळू नका. ‘ज्योतिर्गणित’ लिहिणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी 1911 मध्ये फ्रेंच खगोल मंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडचा ग्रह वर्तवला होता, 38.95 पट अंतरावर, 242 वर्षांच्या फेरीचा. नाव ठेवलं ब्रह्मा. प्लूटो निघाला साडेएकोणचाळीस पटीवर, 248 वर्षांचा. मला हे वाचून केवढा अभिमान वाटला होता! पण प्लूटोचं वजन चंद्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. तो एवढ्या मोठ्या ग्रहांना काय ओढणार? म्हणजे आकडे जुळले ते योगायोगाने. टॉमबॉची ती वेधशाळा उभारणाऱ्या पर्सिव्हल लॉवेलनेही असा ग्रह वर्तवला होता, त्याचं गणित जुळलं तेही असंच.

शेवटी, आकाशगंगेच्या पट्ट्यातलं चित्र आलं की ‘पुढचं’ दाबायचा मोह होतो. तिथे ठिपक्यांत ठिपके, जणू आठ पॉइंटातल्या तळटीपा. पण बॅटिगिन-ब्राऊन यांच्या हिशेबात तो ग्रह आत्ता याच गर्दीच्या आसपास, वृषभाकडे कुठेतरी असण्याचा संभव आहे, आणि इतर शोधही इथेच कच्चे पडलेत. असं चित्र आलं की मी चाराचे सोळा चौकोन करते आणि आधी उठून चहा टाकते.