कोलंबोत भागायचं, मालेत गुणायचं

नौदलात नव्यानं लागलेली गावाकडची पोरं परदेशी बंदराबद्दल विचारतात ते फोटोंचं आणि फिरण्याचं. पैशांचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

२०१६ च्या जानेवारीत आमचं आयएनएस विक्रमादित्य कोलंबोला गेलं आणि फेब्रुवारीत मालदीवच्या मालेला. माझी ती पहिलीच परदेशवारी. २८४ मीटर लांबीचं जहाज, त्यावर दीड हजारावर माणसं. लिबर्टी, म्हणजे बंदरात उतरून फिरायची सुट्टी, मिळाली की सगळे बाजाराकडेच.

कोलंबोच्या पेट्टा बाजारात चहाचा एक छान डबा हातात घेतला. किंमत साडेआठशे रुपये. गपचूप खाली ठेवला. आमचे वरचे, देवगडचे पेटी ऑफिसर (हा नौदलातला हुद्दा) मागेच उभे होते. म्हणाले, "अरे खुळ्या, दोनान भाग, मगे बघ!" तेव्हा आपल्या एका रुपयाला त्यांचे दोनाहून थोडे जास्त मिळायचे. म्हणजे डबा चारशेचा. नाव एकच, रुपया. घोळ सगळा त्या नावाचा. त्यातून काही रिक्षावाले भारतीय चेहरा बघून आपल्या रुपयांतही भाडं सांगतात. म्हणून बसायच्या आधीच विचारून घ्या, "रुपये कुणाचे? तुमचे की आमचे?"

चार दिवसांत दोननं भागायची इतकी सवय लागली की मालेत उतरतानाही डोकं भागतच होतं. तिथलं चलन रुफिया. कानाला रुपयासारखंच. पण ते डॉलरला बांधलेलं, एका डॉलरला साधारण १५.४२. म्हणजे तेव्हाचे आपले जवळजवळ साडेचार रुपये म्हणजे एक रुफिया. इथं भागायचं नाही, गुणायचं! मी मात्र लाखेच्या रंगांची एक गोल लाकडी डबी ३५० रुफियांना घेतली आणि मनात म्हटलं, पावणेदोनशेत पडली. घासाघीसही केली नाही. पंधराशेच्या वर गेले होते, हे रात्री बंकवर आडवं झाल्यावर कळलं.

आणखी एक. मालेत डॉलर चालतात, पण सुटे बरेचदा रुफियात मिळतात. ते रुफिया भारतात सहसा कुणी बदलून देत नाही. तेव्हा मोठी नोट मोडू नका. एक, पाच, दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. उरलेली चिल्लर परतीची बोट धरण्याआधी चहापाण्यात संपवा. माझ्या पेटीत अजून मूठभर लारी, म्हणजे रुफियाची सुटी नाणी, आहेत, भाचा त्यांच्याशी कॅरम खेळतो.

माझे आकडे मात्र पाठ करू नका. २०२२ च्या संकटात श्रीलंकेचा रुपया असा गडगडला की आता आपल्या एका रुपयाला तीनाच्या वर मिळतात. बंदर बदललं की त्या दिवशीचा भाव कागदावर लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'भाग' किंवा 'गुण'. मी तो कागद टोपीच्या आत ठेवायचो. पहिल्या चहाची किंमत आपल्या रुपयांत काढून बघितली की डोकं ताळ्यावर येतं.

ती डबी आईला दिली. ती त्यात सुपारी ठेवते. किती पडली विचारलं तेव्हा लाजेनं पावणेदोनशेच सांगितले.

"एवढी स्वस्त? मग मावशीला पण एक आणायचीस की रे!"