खोल्या भाड्याने दिल्यात? पावसाळ्याआधी या चुका टाळा

मालवणात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमच्या चार खोल्या भाड्याने आहेत. दोन जुन्या कौलारू घरात, दोन मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या. भाडेकरू बहुतेक बदलीवाले: शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातल्या नर्सबाई. हिशोबाची वही चाळली की दिसतं, दुरुस्तीवर गेलेल्या पैशांतले निम्मे तरी बिघाड काढण्यावर नाही, झाकण्यावर गेलेत. डागावर रंग, गंजावर गिलावा, सारखा पडणाऱ्या स्विचला बगल. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे झाकलेलं काही झाकलेलं राहत नाही.

डाग जिथे, तिथेच गळती

सगळ्यात महागडी चूक ही. स्लॅबच्या एका खोलीत छताच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात दर जुलैला पिवळट कडांचा डाग यायचा. दोन उन्हाळे मी स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा रंग मारून घेतला. डाग तसाच. उलगडा केला तो नर्सबाईंनी. गॅस कधी लावला, दूधवाल्याचा खाडा कधी झाला, हे त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. तिथेच टपकल्याच्या तारखाही होत्या. "काका, दिवसभर सरळ पाऊस ओतला तरी काही होत नाही. वाऱ्याची झड आली की तासाभरात ओल येते," असं त्यांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी स्लॅबमधून येतच नव्हतं. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात पश्चिमेकडून बारीक भेग होती, तिथून ते आडवं शिरत होतं. भेग खरवडून भरली, कठड्याला बाहेरून गिलावा केला. स्लॅबच्या रंगापेक्षा खर्च कितीतरी कमी.

तेव्हापासून भाडेकरूला पहिला प्रश्न विचारतो: पाऊस सरळ होता की झडीचा? सरळ पावसात गळत असेल तर स्लॅब किंवा कौलं बघायची, झडीत गळत असेल तर भिंत, कठडा, खिडकीची चौकट. आणि पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर वरच्या टाकीचा पाइप किंवा न्हाणीघर. स्लॅबची खात्री करायची असेल तर दिवाळीनंतर तो पूर्ण सुकू द्यावा, पाणी जायच्या नळ्यांना बोळे घालावेत आणि दीड-दोन इंच पाणी दोन दिवस साठवून खालून बघावं. सळ्या उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर मात्र हा प्रयोग नको, पाण्याचं वजन कमी नसतं.

आमच्याकडे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत बिनगिलाव्याची ठेवायची फॅशन आलीय. दिसायला छान, पण चिरा पाणी पितो. आमचे आजोबा पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळाभर माडाचे झाप (विणलेल्या झावळ्या) बांधायचे ते हौसेने नव्हे. झाप मिळत नसतील तर ताडपत्री बांधा, पण बांधा. आणि आतून ऑइलपेंट मारू नका. ओल भिंतीतच कोंडते आणि रंगाला फोड येतात.

सगळी ओल गळतीची नसते, हेही सांगायला हवं. जुलैत दारं-खिडक्या बंद करून खोलीत कपडे वाळत घातले की कपाटामागे बुरशी धरतेच. भाडेकरूशी वाद घालण्याआधी भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी त्याच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे खर्च तुमचा. बाहेरच्या बाजूला दव जमलं असेल तर ती खोलीतल्या हवेची, तिला खिडकी उघडणं हेच औषध.

गवंड्याचं पंचांग न बघणं

जूनमध्ये गळायला लागलं की मालक गवंडी शोधतो. तोवर सगळे गुंतलेले असतात, आणि ओल्या छतावर काम करून उपयोगही नसतो. मग श्रावण येतो आणि गवंडी म्हणतो, "काकानू, गणपती होऊंदेत, मगे बघूया." गणपती झाले की भातकापणी, मग जत्रा, मग शिमगा, मग आंबा. यातली एकही सबब खोटी नसते. म्हणून छताचं काम दिवाळी ते शिमगा याच दिवसांत बसवायचं आणि त्याची बोलणी गणपतीत तो आरतीला आला की करून ठेवायची.

शाकारणी, म्हणजे कौलं परतून घेणं, मेच्या अखेरीवर ढकलायची सवय मलाही होती. मृग 7-8 जूनला लागतो, तोवर वेळ आहे म्हणायचं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं, तेव्हा आमची शाकारणी व्हायची होती. नंतर कौलं देणारा पंधरा दिवस फोन उचलेना. आता गुढीपाडव्यापर्यंत कौलं परतून घेतो. मंगळुरी कौलांची एक गोम आहे: वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. घराच्याच छापाची पन्नासेक कौलं पडवीत रचून ठेवावीत. वानर दरवर्षी दहा-बारा फोडतातच, आणि एक बदलायला चढलेला अननुभवी पोरगा चार. त्यामुळे भाडेकरूला "जरा चढून बघ रे" असं कधीही सांगू नये.

गंजावर गिलावा

छज्जाचा पापुद्रा पडला, आत लाल सळी दिसली, की गवंडी सिमेंटचा गोळा लावून गुळगुळीत करून देतो. वर्षभर बरं दिसतं. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत गेलेलं असतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. ताज्या गिलाव्याने तो थांबत नाही. सैल भाग ठोकून काढायचा, सळीच्या मागची बाजूही मोकळी करायची, तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. सळी अर्धी झाली असेल किंवा तुळईला लांब भेग असेल तर गवंड्याला न विचारता स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावं. छज्जाखाली लोक उभे राहतात.

ईएलसीबी पडतो म्हणून काढून टाकणं

ही चूक पैशांची नाही, जिवाची आहे. पहिल्या पावसात ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडायला लागतो, भाडेकरू वैतागतो, आणि ओळखीचा वायरमन दोन वायरी सरळ जोडून देतो. एका भाडेकरूने मला न विचारता असं करून घेतलं होतं, ते मला चार महिन्यांनी कळलं. घरातला ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला पडतो; तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट ओलीतून जमिनीत जातोय.

शोधायची रीत सोपी आहे. सगळे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रलमधूनही गळती होते. मग एकेक प्लग लावत जा. माझ्या अनुभवात दोषी बहुतेक वेळा गिझर, अंगणातला दिवा किंवा पश्चिमेच्या भिंतीवरचा ओला बोर्ड. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर वायरिंग, मग वायरमनशिवाय हात लावू नये. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्या दगडात ते उन्हाळ्यात कमजोर होतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

विहिरीबद्दल थोडक्यात: मेमध्ये पाणी फूटवॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) खाली गेलं की पंप कोरडा फिरून जळतो, आणि समुद्राजवळच्या विहिरीतून फार उपसलं तर पाणी मचूळ होतं. कोरडं पडल्यावर पंप आपोआप बंद करणारं यंत्र बसवा आणि पंपाची वेळ दारावर लिहून लावा. सेप्टिक टँक उपसायचा तर एप्रिलमध्ये. जुलैत शोषखड्ड्याभोवतीची जमीनच पाण्याने भरलेली असते, संडास तुंबला म्हणून भाडेकरूला दोष देऊन काही होत नाही. माणूस आत उतरवू नका. 2013 च्या कायद्याने त्याला बंदी आहे. गाडी मागवा.

"आपलेच तर आहेत" म्हणून तोंडी ठरवणं

गावात ओळखीचाच माणूस भाड्याने येतो, आणि लिहून मागायला आपल्याला संकोच वाटतो. मला अजून वाटतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिने असली तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे वेगळंच. नोंदणी आता ऑनलाइन होते, कचेरीत खेपा घालायला नकोत.

दुरुस्तीचंही त्यातच लिहा. माझ्या करारात छत, भिंती, पंप, वायरिंग माझ्याकडे. बल्ब, नळाचे वायसर, तुटलेली काच त्यांच्याकडे. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. कलम 29 त्याच्या आड येतं, शिवाय गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मुंबईत राहून इथली खोली चालवणाऱ्यांसाठी एवढंच: किल्ली ज्याच्याकडे ठेवाल त्याला महिन्याचे ठरलेले पैसे द्या. शेजारी फुकट बघतो तेव्हा तो बघतोच असं नाही. खोली देताना आणि घेताना मीटरच्या आकड्याचा, छताच्या चारी कोपऱ्यांचा आणि नळांचा फोटो काढून भाडेकरूच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारखेसकट दोघांकडे राहतो. अनामत परत करताना मी तेच फोटो उघडून त्याच खोलीत उभा राहतो. नर्सबाईंची बदली झाली तेव्हा पाच मिनिटांत हिशोब मिटला. कॅलेंडर मात्र मी मागून घेतलं.